कव्हराखालची माती

न्हाणीघराच्या खिडकीत कुंभारीण आली आहे. उन्हाळा चढला की ती येते आणि दरवर्षी माझं डोकं फिरतं. बारीक कमरेची, लांब पायांची, गांधीलमाशीच्या जातीतली. बाहेरच्या नळाखाली कायम ओल असते. तिथून मोहरीएवढा चिखलाचा गोळा तोंडात धरून आणते, चौकटीला थापते आणि थापताना बारीक आवाजात गुणगुणते. लोकांना तो आवाज ऐकून बरं वाटतं. मला दातओठ खावेसे वाटतात.

"बाबा, मोडू नका हं," जुई म्हणाली. जुई माझी मुलगी, यंदा चौथीत जाईल. "शेजारच्या मेघाकाकूंना बाळ होणार आहे. आजीनं सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"कुंभारणीचं घर मोडलं तर चांगलं नसतं."

आजी म्हणजे माझ्या सासूबाई, मंडणगडकडच्या. आमच्याकडे हे सगळ्यांनाच माहीत असतं. कुंभारणीनं घर केलं की त्या घरात पाळणा हलतो, आणि पोटुशी बाई असेल तर ते मातीचं घर मोडायचं नाही. मूल जन्मलं, कुंभारीण उडून गेली, की मग खुशाल खरवडा. कुणाचे गाल सुजले तर ती माती उगाळून लावायचीही पद्धत आहे. एकूण निरुपद्रवी गोष्ट. पण असल्याच एका निरुपद्रवी गोष्टीपायी एका माणसाचं नाव गेलं. ते मी घालवलं. या मे महिन्यात त्याला नऊ वर्षं होतात.

पावसाच्या तोंडावर आमचा सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं पठार, रखरखीत असतो. काळ्या कातळाची धग चपलेतून तळव्याला लागते. गवत वाळून पिवळं पडलेलं, कडेच्या काजूंखाली सडलेल्या बोंडांचा आंबूस वास, आणि लांबवर समुद्राची एक पांढरट रेघ. दुपारपर्यंत पान हलत नाही. तीन वाजले की खारा वारा सुटतो आणि तोंडावर धूळ मारतो. अशा एका सड्यावर, धावपट्टीच्या कडेला, एका खासगी संस्थेनं विमान शिकवायचं काम काढलं होतं. संस्था पुण्याची. विमानं दोन. विमान म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर येतं तसं काही नाही. दोन माणसं बसली की भरलं. रिकामं असेल तर दोघांनी हातांनी ढकलत फिरवावं इतकं हलकं.

हलकेपणा हीच सगळी अडचण. उडण्यासाठी घडवलेली वस्तू ती. आत कुणी बसलंय की नाही याच्याशी वाऱ्याला काय देणंघेणं? पंखाखालून झोत गेला की ती उठायला बघणार. संस्थेनं छप्पर बांधू, बांधू म्हणत चार लोखंडी खांब उभे केले आणि हात झटकले. विमानं बारा महिने उघड्यावर. वाऱ्यापासून, पावसापासून, किड्यामुंग्यांपासून त्यांना जपायला आम्ही दोघं होतो. मी आणि कासमचाचा.

चाचा राजिवड्याचे. तरुणपणी मचव्यावर खलाशी होते, पुढं आखातातल्या एका बंदरात जहाजं धक्क्याला बांधायचं काम बारा वर्षं केलं. साठी ओलांडल्यावर या सड्यावर आले. जन्मभर तरंगणाऱ्या वस्तू बांधल्या, आता उडणाऱ्या बांधतो, असं स्वतःच सांगायचे. कातळात भोकं पाडून त्यांनी लोखंडी कड्या बसवून घेतल्या होत्या, प्रत्येक पंखाखाली एक, शेपटीशी एक. दोर मिरकरवाड्याच्या बंदरावरून स्वतः निवडून आणलेला. गाठ मारताना हाताकडे बघायचेसुद्धा नाहीत, समुद्राकडे बघायचे.

मी आधी दोर गच्च आवळायचो. ते येऊन सोडायचे.

"वीतभर ढील ठेव, मास्तर. जखडलेली वस्तू पयली मोडते."

मास्तर मी नव्हतो. पालीचा, आयटीआय केलेला फिटर. पण मला समजावून सांगायची भारी खोड. पंखावरचा हवेचा दाब, उचल, कोन, असं काहीबाही मी त्यांना सांगत बसायचो, म्हणून त्यांनी मला मास्तर केलं.

"तुजा दाब तुज्याकडं," ते म्हणायचे. "वारा कुटनं येतोय ता बघ आदी."

दिसत नाही तरी वाऱ्याशी सामना करता येतो, तो येतो तेव्हा सांगून येतो. किडे न सांगता येतात. एका रात्रीत मुंग्या पंखाच्या सांध्यात अंडी घालतील, सीटखाली वाळवी लागेल. पण खरी कटकट कुंभारणीची. तिला भोक दिसलं की राहवत नाही. आणि विमानाला भोकं किती! टाकीच्या हवेची नळी, बिजागऱ्यांच्या फटी, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे डाव्या पंखाखालची पिटो. बोटभर लांबीची नळी ती, तोंड पुढं करून असते. विमान धावू लागलं की समोरची हवा तिच्यात शिरते आणि आतला काटा वेग दाखवतो. नळी बुजली तर काटा हलत नाही आणि आपण किती जोरात चाललोय हे पायलटला कळत नाही. म्हणून विमान उभं असलं की नळीला कापडी कव्हर घालायचं, लाल पट्टी लोंबणारं. उडायच्या आधी ते काढायचं, नळीत डोकावायचं, वहीत सही करायची. सही चाचांची असे. हा एवढाच नियम, आणि तो पोराबाळांनाही कळेल.

मी तेव्हा अंधश्रद्धेवर तुटून पडणारा माणूस होतो हेही सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. ऑफिसातल्या कारकुनानं एकदा अमावास्येला विमानाच्या नाकावरच्या पंख्याला लिंबू-मिरची बांधली. मी ती कात्रीनं कापली आणि त्याला अर्धा तास झापलं. गावच्या साप्ताहिकात यावर माझं एक पत्र छापून आलं होतं. त्याचं कात्रण मीच ऑफिसच्या भिंतीला चिकटवलं होतं. चाचा रोज त्याच्यासमोर उभे राहून पाणी प्यायचे आणि गालातल्या गालात हसायचे.

त्या वर्षी वैशालीला, माझ्या बायकोला, दिवस गेले. त्याआधी दोनदा गेले होते आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं होतं. दुसऱ्या खेपेनंतर ती आठवडाभर कुणाशी बोलली नाही, मीही नाही. एकमेकांना ताट वाढायचो आणि उठायचो. म्हणून या खेपेला सासूबाई मंडणगडहून आधीच येऊन राहिल्या. आल्या दिवशीच त्यांनी स्वयंपाकघराच्या झरोक्यातलं कुंभारणीचं घर बघितलं आणि हात जोडले.

"जावईबापू, ह्या वर्साला एक पण घर मोडायचा नाय. सांगून ठेवतंय."

मी हसलो. तोंडानं हसलो. दुसऱ्या दिवशी सड्यावर गेलो, तर पंखाच्या बिजागरीत ओल्या मातीचा ताजा ठिपका. मी स्क्रूड्रायव्हर काढला आणि हात तिथंच थांबला. मनाशी म्हटलं, काय चाललंय तुझं? तरी हात हलेना.

"चाचा, जरा हे बघता? माझी पाठ धरलीय."

चाचा आले, खरवडून गेले. दोन दिवसांनी माझ्या डोळ्यांत कचरा गेला. मग मान आखडली. पुन्हा पाठ. महिना-सव्वा महिना मी एकही घर मोडलं नाही, सगळी त्यांच्याकडून मोडून घेतली. सरळ सांगितलं असतं की चाचा, घरात असं असं आहे, तर काय बिघडलं असतं? पण भिंतीवर ते कात्रण होतं ना! आपली अक्कल जगाला शिकवणाऱ्याला लाज फार असते. बायकोसाठी भीती वाटते, हे सांगण्यापेक्षा पाठीत उसण भरल्याचं सोंग मला सोपं वाटलं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, एका गुरुवारी, वळीव आला. आभाळ पाच मिनिटांत काळंभोर झालं. वारा असा सुटला की लांबच्या चहाच्या टपरीचे पत्रे कातळावरून खडखडत आमच्यापर्यंत आले. दोन्ही विमानं दोरांवर उठू लागली. चाकं वीतभर उचलायची आणि दण्णकन खाली बसायची. दोर ताणले की घूं घूं वाजायचे. मी डाव्या पंखाला लोंबकळलो होतो, चाचा शेपटीशी पोटावर पडून गाठीवर हात ठेवून होते. गारा लागत होत्या आणि ते ओरडत होते, "ढील हाय, घाबरू नको! ढील हाय!" अर्ध्या तासानं वारा पडला. सड्याच्या पलीकडे कुणाचीतरी अख्खी शेड भुईसपाट झाली होती. आमचा एकही दोर सुटला नव्हता. चाचांनी एकेक गाठ चाचपून बघितली आणि विडी पेटवली. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. आपल्या कामात इतका पक्का माणूस मी त्यानंतर बघितला नाही.

शुक्रवारी लखलखीत ऊन पडलं. सड्यावर जागोजागी तांबडा चिखल झाला होता, म्हणजे कुंभारणींची चंगळच. कव्हरं ओलीचिंब होती, म्हणून चाचांनी ती काढून कातळावर वाळत घातली. साडेबाराला ते नमाजाला निघाले. जाताना म्हणाले, "वाळली की घाल. दोनला येतो मी."

तासाभरात कव्हरं वाळली. लाल पट्टीचं कव्हर घेऊन मी पंखाखाली वाकलो आणि बघितलं. नळीच्या तोंडातून कुंभारणीचं मागचं अंग बाहेर दिसत होतं. ती गुणगुणत होती. मग बाहेर आली, उडून गेली, चिखल घेऊन परत आली. तोंड अर्धं लिंपून झालं होतं. मी उभा राहून तिचं काम बघत राहिलो. तिनं तोंड पूर्ण लिंपलं, वरून पायांनी सारखं केलं आणि निघून गेली.

नियम सोपा होता. नळीत काही दिसलं तर आपण हात लावायचा नाही, इन्स्ट्रक्टरला सांगायचं. माझ्या हातानं मोडायचंसुद्धा नव्हतं! नुसतं सांगायचं होतं. पण सांगणं म्हणजे मोडणंच, असं माझ्या डोक्यानं घेतलं. उड्डाणांच्या फळ्यावर बघितलं तर ते विमान सोमवारपर्यंत उडणार नव्हतं. म्हटलं, चाचा आले की पुन्हा काहीतरी दुखवून घेऊ. आणि मी कव्हर घातलं. मातीवरून. पट्टीसुद्धा नीट बांधली.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. वैशालीच्या पोटात दुखतंय, दवाखान्यात नेतोय, या.

त्या क्षणी माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली असेल? बरं झालं, मोडलं नाही. हीच. पत्र छापून आलेल्या माणसाच्या मनात हीच गोष्ट आली.

गेटवर चाचा स्कूटरवरून येताना भेटले.

"कव्हरं घातलीस?"

"घातली."

"तोंड का असा?"

"वैशालीच्या पोटात दुखतंय."

"जा, जा. अल्ला खैर करील. हितलं मी बघतो."

एवढंच आमचं बोलणं. मी गाडीला किक मारली.

पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं. चार वाजता इन्स्ट्रक्टरनं बेत बदलला. एक विद्यार्थी परत पुण्याला जाणार होता, त्याला शेवटचा एक तास द्यायचा ठरलं. चाचांनी दोर सोडले, कव्हर काढलं, वहीत सही केली. नळीत डोकावले नाहीत. कव्हर माझ्या हातचं होतं, म्हणून डोकावले नाहीत. विमान धावलं, काटा हलला नाही, इन्स्ट्रक्टरला ते कळून ब्रेक लावायला उशीर झाला. विमान पट्टी सोडून कातळात घुसलं, पुढचं चाक मोडलं, पंखा वाकला. विद्यार्थ्याच्या गळ्यापाशी हाड मोडलं. जीव कुणाचा गेला नाही, म्हणून सगळे देवाचे आभार मानत होते. हे मला कळलं तेव्हा मी दवाखान्याच्या व्हरांड्यात होतो आणि डॉक्टर नुकतीच सांगून गेली होती की काही नाही, पित्ताचं दुखणं आहे, बाळ छान आहे.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकनं नळी काढून तारेनं साफ केली. माती निघाली आणि मातीबरोबर तीन हिरव्या अळ्या. कुंभारीण आपल्या पिल्लासाठी त्या डंख मारून भरून ठेवते. जिवंत असतात, हलत नाहीत. मेकॅनिकनं ते सगळं फडक्यात पुसून फेकून दिलं. म्हणजे घर मोडलंच शेवटी. चोवीस तासांच्या आत मोडलं, माझ्या डोळ्यांदेखत. आणि वैशालीला काही झालं नाही, जुईला काही झालं नाही. डिसेंबरात ती सव्वातीन किलोची जन्मली. सासूबाई म्हणाल्या, "बगा, मोडलांव नाय म्हणून." मी हो म्हणालो.

चौकशीला पुण्याहून एक साहेब आले. चाचा समोर उभे होते.

"दुपारी कव्हर कुणी घातलं?" साहेबांनी विचारलं.

"मी," मी म्हणालो.

"तेव्हा आत काही होतं?"

"मी पाहिलं नाही."

तीन शब्द. चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी वहीकडे बघितलं. साहेबांनी त्यांना विचारलं, काही सांगायचंय? ते म्हणाले, "सही माजी हाय." त्याच संध्याकाळी त्यांनी आपली पिशवी उचलली आणि ते गेले. जाताना दोन्ही विमानांचे दोर तपासून गेले. मोडक्याचेसुद्धा.

मग बंदरावर गोष्ट पसरली, आणि पसरताना तिचं रूप बदललं. नळी, माती, कव्हर हे कुणाला कळतंय? विमान कासमच्या हातनं सुटलं, एवढंच राहिलं. कासमची गाठ सुटली. ज्या बंदरावर लोक आपल्या पोरांना त्यांच्याकडे गाठी शिकायला पाठवायचे, तिथं कुणी त्यांच्या हातात दोर देईना. तोंडावर कुणी काही बोललं नाही. पावसाळ्याआधी बोटी वर ओढून बांधायचं काम यायचं, ते येईनासं झालं. मी हे सगळं ऐकत होतो. गोखले नाक्याला एकदा ते समोरून येताना दिसले, तर मी गल्लीत वळलो. नऊ वर्षांत किती वेळा वळलो ते मोजलेलं नाही.

संस्था दोन वर्षांत गाशा गुंडाळून गेली. मी आता शहरातल्या एका गॅरेजात आहे. मध्यंतरी सड्यावर गेलो होतो. ते चार खांब अजून उभे आहेत, कुणाच्या तरी गाई तिथं बांधलेल्या असतात. कातळातल्या कड्या गंजल्या आहेत, पण एकही हललेली नाही. मी पायानं ढोसून बघितलं.

यंदा जुईनं "मोडू नका" म्हटलं आणि मला राहवलं नाही. रविवारी राजिवड्याला गेलो. चाचा पडवीत बसून कुणाचं तरी फाटलेलं जाळं विणत होते. चष्मा जाड झालाय, हात तसेच आहेत. चाचींनी पाण्याचा तांब्या ठेवला आणि आत गेल्या. चहाचं कुणी विचारलं नाही.

"चाचा, त्या दिवशी मी कव्हर घातलं तेव्हा..."

"आत माती व्हती. तुला माहीत व्हतं."

मी म्हणालो, "तुम्हाला कसं कळलं?"

"महिनाभर तुजी पाठ दुखली, डोळा दुखला, मान दुखली. सगळी घरं माज्याकडनं मोडून घेतलीस. आनि तुज्या घरात बाय पोटुशी. मी काय खुळा हाय?"

"मग साहेबांसमोर बोलला का नाहीत?"

त्यांनी सुई जाळ्यातून ओढून घेतली, धागा ताणून बघितला. "तू बोलशील म्हणून थांबलो व्हतो."

आत भांड्यांचा आवाज येत होता. बाहेर कुणीतरी मासे विकत चाललं होतं. चाचा जाळ्यावरून मान वर न काढता म्हणाले, "गेटवर मना सांगायचंस रे. दोन सबूद. आदीची येवडी काडली, त्यात आजून एक. मी काडलं असतं."

हेच तर. इतकं साधं होतं ते. त्यांना त्या घरांची भीती नव्हती आणि माझ्या भीतीला ते हसलेही नसते. मला हसतील म्हणून मी घाबरलो, आणि महिनाभर सगळं कळूनही न हसलेला माणूस मी बुडवला.

"माझं चुकलं, चाचा. मला माफ करा."

तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. चौकशीच्या दिवशी बघितलं होतं तसंच.

"मना कशाला सांगतंस? मना माहीत हाय. ज्यांना माहीत नाय त्यांना सांग."

आणि पुन्हा जाळ्यात मान घातली. मी उठलो. या, बसा, कुणी म्हणालं नाही, आणि म्हणावं तरी का?

धक्क्यावर जाऊन चार तांडेलांसमोर, बोटी चालवणाऱ्यांसमोर, उभं राहून हे सांगायचं अजून माझ्याच्यानं झालेलं नाही. दोनदा बंदराच्या तोंडापर्यंत गेलो आणि परत आलो. कागद वर मान करून बघत नाही, म्हणून आधी कागदावर सांगतोय. एकदा याच साप्ताहिकात मी लोकांना शहाणपण शिकवलं होतं, तेव्हा हेही इथंच छापलं जावं. बंदरावरच्या चहाच्या टपरीत हे साप्ताहिक येतं. कुणीतरी मोठ्यानं वाचेल.

त्या दिवशी कव्हर मी घातलं. आत माती आहे हे बघून घातलं. विचारल्यावर मी खोटं बोललो. कासमचाचांची गाठ सुटली नव्हती.